अँबॅसेडरचं कॉलम-शिफ्ट बुश किट: गियर अडकतो त्यावर कितपत उपाय?

जुन्या अँबॅसेडरचा गियर अडकायला लागला की बडोद्यातल्या बऱ्याच गॅरेजांत एकच उत्तर तयार असतं: "गियरबॉक्स उतरवावा लागेल." त्याआधी हे बुश किट, म्हणजे गियरच्या सांध्यांत बसणाऱ्या छोट्या नळ्यांचा संच, लावून बघावं, मात्र दोष लिंकेजमध्ये (दांडा आणि गियरबॉक्स जोडणाऱ्या रॉड-सांध्यांत) आहे याची खात्री करूनच. स्टिअरिंगजवळ गियरचा दांडा असलेल्या 1489 सीसीच्या गाड्यांसाठी ते आहे. इसुझू इंजिनवाल्या, खाली गियर असलेल्या गाड्यांना त्याचा उपयोग नाही.

खात्री करायला दोन मिनिटं लागतात. इंजिन बंद ठेवून चारही गियर टाकून बघा. बंद गाडीत लोण्यासारखे पडतात आणि चालू केल्यावर अडतात, तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. अशा वेळी किटवर पैसे घालू नका, स्लेव्ह सिलिंडरचं (पेडलच्या दाबाने क्लच सोडवणारा छोटा सिलिंडर) रबर मागे सारून बघा. आत ओलं असेल तर सील गेलं. पेडल एकदा दाबल्यावर त्याचा पुशरॉड (ढकलणारी सळी) थोडाच सरकतो आणि तीन-चारदा पंप केल्यावर जास्त, तर लाइनीत हवा आहे; ब्लीडिंग करून ती काढा.

पहिल्या गियरला सिंक्रो (गियर पडताना वेग जुळवणारी रिंग) नाही, हेही लक्षात असू द्या. चालत्या गाडीत तो टाकला की खर्रर्र होणारच, तो बिघाड नव्हे. गाडी थांबवा, क्लच दाबून आधी दुसऱ्याला स्पर्श करा, मग पहिला टाका. दुसऱ्याचा सिंक्रो आतलं फिरणं थांबवतो. रिव्हर्सलाही हीच युक्ती.

बंद गाडीतही दांडा ढिला डुलत असेल आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना मध्येच रुतून बसत असेल, तर हे किट घ्या. त्यात नायलॉनचे बुश, वॉशर आणि स्प्लिट पिन (टोकं दुमडायच्या पिन) येतात. बुशचं काम चांगलं आहे, कडा स्वच्छ आहेत. भोक मात्र किंचित घट्ट असतं. ते 400 नंबरच्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने मोकळं करा; सांध्याची पिन त्यातून अंगठ्याच्या दाबाने सरकली पाहिजे, आपल्या वजनाने खाली पडता कामा नये. ड्रिल घातलंत की बुश वाया गेला.

बसवताना एका वेळी एकच सांधा सोडा. रॉडचे आटे किती बाहेर आहेत ते व्हर्नियरने मोजून लिहून ठेवा, नाहीतर न्यूट्रल हरवतो आणि मग सगळी संध्याकाळ गाडीखाली. केरोसीनने धुऊन, पुसून, लिथियम ग्रीस बोटाच्या टोकावर मावेल एवढंच लावा. जास्त लावलंत तर त्यावर धूळ बसून कानस तयार होते.

किटची खरी उणीव म्हणजे त्यात क्लेव्हिस पिन (बुशमधून जाणाऱ्या सांध्याच्या पिन) नाहीत. जुन्या पिनवर नखाला पायरी लागत असेल, तर ती पिन नवा बुश काही महिन्यांत खाऊन टाकते. मकरपुरा जीआयडीसीत (बडोद्याची औद्योगिक वसाहत) लेथवाल्याकडून ईएन-8 पोलादाच्या पिन करून घ्या, नमुन्याला जुनी पिन न्या, पण माप न झिजलेल्या टोकाचं द्या. ही साधी गोष्ट हमखास चुकते. वॉशरही पातळच आहेत. बाजूचा खेळ उरलाच तर एकावर एक दोन घाला.

चालता चालता गियर आपोआप बाहेर उडी मारत असेल, तर दांडा शेवटपर्यंत जातो की नाही आणि इंजिनचं माउंटिंग खचलंय का ते आधी पाहा. दोन्ही ठीक असतील तर दोष बॉक्समध्ये: डिटेंटची (गियर जागेवर धरून ठेवणारी) स्प्रिंग किंवा झिजलेले दात. तिथे किट हतबल आहे. गियरबॉक्सचं ऑइल हँडबुकात ग्रेड पाहूनच भरा. "जास्त भारी" म्हणून कुणी जीएल-5 ग्रेडचं ऑइल सुचवलं तर नको म्हणा, त्यातल्या गंधकयुक्त ॲडिटिव्हमुळे सिंक्रोच्या पितळी रिंगा खराब होऊ शकतात.

पाचपैकी साडेतीन. पिन दिल्या असत्या तर साडेचार. बसवल्यावर 200 किलोमीटरनी एकदा खाली वाकून स्प्लिट पिन नीट दुमडलेल्या आहेत ना ते बघा, आणि जुनी सरळ करून पुन्हा घालू नका.