सात महिन्यांनंतर: व्हीआरमध्ये मळमळ न होता फिरणं

व्हीआरचा, म्हणजे डोळ्यांवर चढवून आभासी जगात फिरायचा, हेडसेट घेतला त्याच संध्याकाळी स्मूथ लोकोमोशन चालू केलं. जॉयस्टिक पुढे ढकलली की आपण सरकत जातो, तो प्रकार. दहा मिनिटांत कपाळावर घाम आला, मळमळून तोंडात पाणी आलं आणि रात्री जेवण गेलं नाही. सवय होईल म्हणून चार दिवस तसंच रेटलं. पाचव्या दिवशी हेडसेट नुसता हातात घेतला तरी पोटात ढवळायला लागलं. मळमळ सोसून सराव करू नका, हे मी कळकळीने सांगेन. पहिली लक्षणं दिसताच हेडसेट काढा आणि पूर्ण बरं वाटेपर्यंत हात लावू नका.

दोन आठवडे थांबून पुन्हा सुरुवात केली, या वेळी फक्त टेलिपोर्टने, म्हणजे जागा दाखवायची आणि थेट तिथे उडी घ्यायची. त्रास जवळजवळ थांबला, पण वेगळीच अडचण आली: उडी मारून पोचल्यावर आपण कुठून आलो तेच कळेना.

खरा गुन्हेगार चालणं नव्हे, वळणं आहे, हे फार उशिरा उमगलं. आतल्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिका डोक्याचं वळणं टिपतात. जॉयस्टिकने सावकाश वळलो की डोळे म्हणतात वळलो, कान म्हणतात जागचे हललोही नाही. सरळ, एकाच वेगाने जाताना हा वाद कमी होतो, कारण कानाला वेग कळत नाही, वेगातला बदल कळतो. तेव्हापासून ३० अंशांचा स्नॅप टर्न, म्हणजे सावकाश न वळता एका झटक्यात वळणं, ठेवला. त्याहून उत्तम म्हणजे उभं राहून स्वतःच वळणं.

विन्येट, म्हणजे चालताना नजरेच्या कडा काळ्या होणं, मला आधी खुपायचं. कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं होतं की हे बेताने केलं तर त्रास घटतो आणि अनेकांच्या ते लक्षातही येत नाही. माझ्याही येत नाही आता. ही सोय काही अ‍ॅप्समध्ये तीन मेनू आत दडवलेली असते, याचा मात्र राग येतो. नवख्याला ती पहिल्याच पडद्यावर दिसायला हवी.

आणि भिंगांमधलं अंतर! माझ्या डोळ्यांच्या बाहुल्यांमध्ये ६७ मिमी अंतर आहे, भिंगं मात्र ६३ वर होती. ६८ वर सरकवल्यावर डोळ्यांवरचा ताण गेला. रिफ्रेश रेट, म्हणजे पडद्यावरचं चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं तो आकडा, ७२ वरून ९० हर्ट्झ केला, त्याचाही थोडा फायदा झाला.

आता चाळीस मिनिटं आरामात फिरतो. जिने तेवढे अजून टेलिपोर्टनेच चढतो.