डिशची केबल आणि अर्थिंग: दुसऱ्यांदा बसवून घेतली त्याचा रिव्ह्यू

आधी रडगाणं. आमचं नाशिकला गंगापूर रोडवर रो-हाऊस, टीव्हीला डीडी फ्री डिश. दोन वर्षांपूर्वी ज्या दुकानातून सेट घेतला तिथला पोरगा आला आणि वीस मिनिटांत काम उरकून गेला. डिश गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी सगळ्यात उंच जागी ठोकली, केबल कमी पडली म्हणून मध्येच जोड मारून काळी चिकटपट्टी गुंडाळली, वायर खिडकीच्या फटीतून आत. अर्थिंगचं विचारलं तर म्हणे "काका, डिशला कोण अर्थिंग करतं?" मे महिन्यात वळवाच्या पावसात वीज जवळपास कुठंतरी पडली, आमच्यावर नाही, तरी बॉक्स उडाला आणि टीव्हीचा एचडीएमआय पोर्टही गेला.

मग शेजाऱ्यांनी सिडकोतला एक वायरमन सुचवला, हा रिव्ह्यू त्याच्या कामाचा. गडी आला तो गच्चीवर गेलाच नाही, पहिला प्रश्न "मेन अर्थिंगचा खड्डा कुठंय?" मीटरजवळचं झाकण उचललं, पट्टीचा गंजलेला नट पाहून नाक मुरडलं, तो घासून घट्ट केला, मग वर.

मी शहाणपणा करून शालिमारवरून वेगळा अर्थिंग रॉड आणून ठेवलेला, म्हटलं डिशला स्वतंत्र ठोकू. तो म्हणाला चालणार नाही, घरात दोन वेगवेगळ्या अर्थिंग केल्या की जवळ वीज पडताना दोन्हीकडचं व्होल्टेज सारखं राहत नाही आणि तो फरक बरोबर तुमच्या बॉक्स-टीव्हीतून वाहतो. बॉक्सचा अडॅप्टर दोन पिनचा, त्यामुळे प्लगमधूनही अर्थ मिळत नाही. म्हणून डिशच्या खांबापासून 16 स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, केबल घरात शिरते तिथं ग्राउंड ब्लॉक (केबलचं जाळीचं कवच अर्थिंगला जोडणारा धातूचा तुकडा), त्याला 4 स्क्वेअरची हिरवी, आणि दोन्ही त्याच एका मेन अर्थिंगला. 16 स्क्वेअरचा भाव ऐकून पोटात गोळा आला खरा. माझा रॉड अजून जिन्याखाली पडून आहे.

डिशही विजेच्या भीतीनं टाकीजवळून काढून कठड्याच्या बरीच खाली भिंतीवर घेतली. मी म्हटलं सिग्नल कमी होईल, तर हसला, "उपग्रह 36 हजार किलोमीटरवर, तुमच्या आठ फुटांनी त्याला काय फरक पडतो?" फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-15 आहे 93.5 अंश पूर्वेला, नाशिकहून तोंड आग्नेयेला करायचं, आमच्याकडून ढोबळमानानं नाशिकरोडची बाजू, आणि क्षितिजापासून साधारण 57 अंश वर, म्हणजे शेजारचा नारळ आडवा आला नाही की झालं.

केबल सलग 18 मीटर, आरजी-6, काळी, आतली तार पूर्ण तांब्याची. जुनी होती तांब्याचा मुलामा दिलेली लोखंडी तार, वर तो जोड, एलएनबीला (डिशसमोरचा सिग्नल पकडणारा डबा) पुरेसे व्होल्ट पोचतच नसतील, म्हणून काही चॅनल मधूनच गायब व्हायचे आणि मी उगाच रिमोट आपटायचो. जोड सोडवला तर आत पाणी आणि हिरवा गंज! आता भिंतीतलं भोक बाहेरच्या बाजूला उतरतं पाडलंय आणि आत शिरण्याआधी केबलला खाली झोका दिलाय, पाणी तिथूनच ठिबकतं. लाइटच्या वायरच्या पाईपमधून केबल न्यायची माझी आयडियाही त्यानं हाणून पाडली.

एक मात्र आवडलं, फुशारकी नाही. थेट डिशवरच वीज पडली तर यातलं काहीच वाचवणार नाही, ढग गडगडायला लागण्याआधी प्लग आणि केबल दोन्ही काढून ठेवा, असं बजावून गेला.

मजुरी 1,200 घेतली, सामान वेगळं. पाचपैकी चार स्टार. एक कापला कारण भोकाभोवतीचं प्लास्टर उडालं ते तसंच ठेवून गेला, म्हणाला पुट्टी रंगाऱ्याचं काम.