गिअरबॉक्स गेलाच नव्हता: ऑक्सफर्डशायरमधल्या एका एमजीबी गॅरेजचा अनुभव

आधीच सांगून टाकतो, गॅरेजचं नाव इथे लिहिणार नाही. तिथल्या म्हाताऱ्या मेकॅनिकनेच बजावलंय की बाबा रे, सहा आठवड्यांची रांग आहे, अजून गिऱ्हाइकं पाठवू नकोस. ज्यांच्याकडे खरंच जुनी एमजी (ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी) आहे आणि जे इंग्लंडात राहतात त्यांनी मेसेज करा, पत्ता देतो. ॲबिंग्डनपासून वीसेक मिनिटांवर शेतातली पत्र्याची शेड आहे, बाहेर पाटी नाही, आत एक कुत्रा आणि तीन उघड्या गाड्या. ॲबिंग्डनला एमजीचा कारखाना होता, १९८० च्या ऑक्टोबरात बंद पडला, पण या गाड्यांवर आयुष्य घालवलेली माणसं त्या बाजूला अजून सापडतात.

माझी गाडी १९७२ ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे छत उघडणारी. १७९८ सीसीचं इंजिन, चार गिअर, वर ओव्हरड्राइव्ह, म्हणजे त्याच स्पीडला इंजिन हळू फिरू देणारा गिअरबॉक्समागचा जादा गिअर. क्रोम बंपरवाली आहे, म्हणजे बुटकी. १९७४ च्या शेवटी अमेरिकेतल्या नियमांपायी काळे रबरी बंपर आले तेव्हा कंपनीने गाडी इंच-दीड इंच वर उचलली, हाताळायला तेव्हा बिघडलीच पण निदान पोट तरी वाचलं असेल. माझ्या गाडीचं पोट रस्त्यापासून पाचेक इंच, त्यात मागचे पाटे पन्नास वर्षांत बसलेले, आणि इथे स्पीड हंप कायद्याने १०० मिलिमीटरपर्यंत उंच चालतो, त्यामुळे हंप दिसला की मी आपोआप पोट आत घेतो, स्वतःचं.

पण हंपने काही केलं नाही, केलं ते लाकडाने. मे महिन्यात कॉट्सवोल्ड्समधल्या एका अरुंद रस्त्याला वळण घेतलं तर कुठल्यातरी ट्रॉलीतून पडलेला ओंडका मधोमध, समोरून व्हॅन, बाजूला दगडी कुंपण. दोन चाकांच्या मध्ये घेतला. खालून तीन आवाज आले, धाड, धाड आणि शेवटचा जरा पोकळ, टण्ण असा. बायको म्हणाली, काय गेलं? मी म्हटलं काही नाही. (नवरे असंच म्हणतात.) उतरून वाकून बघितलं, सायलेन्सर जागेवर, तेलाचे दोनचार थेंब, बाकी काही लोंबत नव्हतं, मग हळूहळू घरी आलो.

दुसऱ्या दिवसापासून रडगाणं सुरू. पन्नास मैलांच्या वर स्पीड गेला की बुडाखाली बारीक झिणझिण, गिअरचा दांडा हातात मधमाशीसारखा गुणगुणायचा, ॲक्सिलरेटर सोडला की मागून एक 'टक्क', परत दाबला की परत 'टक्क'. आणि सकाळी गाडीखाली रुपयाएवढा डाग.

आधी नेली ती घराजवळच्या मोठ्या चकाचक गॅरेजमध्ये, नाव नको. रॅम्पवर पंधरा मिनिटं गाडी, बॅटरी मारून बघितलं, आणि मॅनेजरने कागद दिला: गिअरबॉक्स आणि ओव्हरड्राइव्ह दोन्हीचा रिबिल्ड, २८०० पौंड अधिक व्हॅट. आता त्यांच्या बाजूनेही बोलायला हवं, एमजीबीचा गिअरबॉक्स एकटा खालून उतरत नाही, इंजिनासकट पुढून उचलून बाहेर काढावा लागतो, साध्या क्लच प्लेटसाठीसुद्धा, त्यामुळे मजुरीचा आकडा काही थापेबाजी नव्हती. पण तेल गळतंय आणि दांडा थरथरतोय एवढ्यावरून गिअरबॉक्स गेला हे कोणी ठरवलं आणि कसं, याचं उत्तर कोणाकडे नव्हतं. गाडी चालवून कोणी बघितलीच नव्हती!

माझ्या काकाचं कोल्हापुरात जीपचं गॅरेज होतं. काका गिऱ्हाइकाला आधी शेजारी बसवून चक्कर मारायचा, बॉनेट नंतर. तेच मला या म्हाताऱ्याकडे दिसलं आणि तिथेच मी अर्धा निवांत झालो. चहा नाही, बस नाही, थेट म्हणाला चावी दे, तू डावीकडे बस.

त्याने रस्त्यावर जे केलं ते नीट लिहितो, कारण हे कुणालाही घरी करता येतं आणि फुकट आहे. चौथ्या गिअरमध्ये झिणझिण सुरू झाली तेव्हा काटा साधारण ५४ मैलांवर आणि इंजिन ३००० आरपीएमवर. मग त्याने ओव्हरड्राइव्ह टाकला. स्पीड तोच ठेवला, इंजिन उतरलं २५०० च्या खाली. झिणझिण तशीच्या तशी. मग क्लच दाबून गाडी न्यूट्रलला सोडली, इंजिन आयडलवर आलं, तरी झिणझिण आहेच, स्पीड पडला तशी गेली. म्हणजे इंजिन सुटलं, क्लच सुटला, गिअरबॉक्सच्या आतलं बहुतेक सगळं सुटलं, कारण त्यांचा वेग बदलला तरी थरथर बदलली नाही. दोष ओव्हरड्राइव्हच्या मागे. आता मागे एक तर प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या धुऱ्यापर्यंत फिरणारा लांब पाइप, नाहीतर चाकं. मागच्या डिफरन्शियलचं (शाफ्टची फिरकी चाकांना देणाऱ्या धुऱ्यातल्या गिअरांचं) गुणोत्तर ३.९ च्या आसपास, म्हणजे त्या स्पीडला शाफ्ट सेकंदाला पन्नास फेरे घेतो आणि चाक तेरासुद्धा नाही. चाकाची खोड असेल तर गाडी डुलते, शाफ्टची असेल तर गुणगुणते. "ही गुणगुणतेय," म्हणाला, आणि गाडी वळवली. एकूण अकरा मिनिटं.

शेडमध्ये आल्यावर मात्र घाई नाही. गाडी चार घोडींवर. आधी क्रॉस, म्हणजे इथले लोक युनिव्हर्सल जॉइंट म्हणतात ते, दोन्हीकडे मोठा स्क्रू-ड्रायव्हर घालून हलवून बघितले. पुढचा ठीक. मागच्याच्या टोपीभोवती लालसर पूड, म्हणजे आतल्या सुयांसारख्या बेअरिंगचं ग्रीस कधीच संपलंय आणि गंज दळला जातोय. मग चुंबकाच्या स्टँडवर डायल गेज, म्हणजे वाकडेपणा मोजणारं काट्याचं घड्याळ, लावून शाफ्ट हाताने फिरवला. पुढच्या बाजूला काटा जेमतेम हलला, मागच्या बाजूला जवळजवळ एक मिलिमीटर. आणि तिथेच वरच्या अंगाला, जिथे रॅम्पखालून बॅटरी मारून दिसणारच नाही अशा जागी, पाइपला अंगठा मावेल एवढा पोचा. तो तिसरा पोकळ आवाज!

पहिले दोन आवाज पुढे सापडले. गिअरबॉक्स ज्या आडव्या पट्टीवर बसतो ती क्रॉसमेंबर मधून वर दबलेली, एका बाजूचं फाउंडेशन रबर फाटलेलं, त्यामुळे गिअरबॉक्सची शेपटी वर आणि किंचित बाजूला सरकलेली. दांडा हातात गुणगुणत होता तो यामुळे, लोखंड लोखंडाला टेकलं होतं. आणि तेल? ओव्हरड्राइव्हच्या तळाला फिल्टरवरची एक प्लेट असते, तिचा कोपरा चेपून गॅस्केट उठलेलं. गिअरबॉक्स आणि ओव्हरड्राइव्हचं तेल एकच असतं, म्हणून डाग बघून गिअरबॉक्स गळतोय असं वाटतं. एवढंच काय ते २८०० पौंडांचं गुपित.

मला सगळ्यात आवडलं ते यानंतरचं. एमजीबीला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार घेते, तेव्हा पट्टी वाकली म्हणजे ती ज्या रेल्सना बोल्ट केलीय त्याही हलल्यात का हे बघणं आलंच. लेझर वगैरे काही नाही. साधा ओळंबा. गवंड्याकडे असतो तो. दोन्ही बाजूंच्या सारख्या भोकांमधून ओळंबा सोडून जमिनीवर खडूने फुल्या मारल्या, गाडी बाजूला ढकलली आणि फुल्यांमधले तिरके कर्ण टेपने मोजले. दोन मिलिमीटरचा फरक. म्हणाला एवढा फरक नवीन गाडीत पण निघायचा. तेवढ्यात खालच्या जाड काळ्या लेपात स्क्रू-ड्रायव्हर टोचून सडकं कुठे आहे तेही बघून घेतलं, उजव्या मागच्या पाट्याच्या हँगरपाशी थोडं निघालं, त्याचा फोटो काढून दिला आणि म्हणाला पुढच्या हिवाळ्यात. चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना २०१८ पासून इथे एमओटी, म्हणजे दरवर्षीची सक्तीची तपासणी, माफ आहे, त्यामुळे वर्षानुवर्षं कोणी खाली बघतच नाही. मी पण नव्हतंच बघितलं. ५४.८५ पौंड वाचवायचे म्हणून. आता दरवर्षी स्वतःहून करणार.

राहिला तो टक्क. मला वाटलं होतं तोही ओंडक्याचाच. त्याने हँडब्रेक ओढून शाफ्ट हाताने मागेपुढे फिरवला, डिफरन्शियलला कान लावला आणि सरळ म्हणाला, हा मार लागून झालेला नाही, हा पन्नास वर्षांचा आहे, तुला परवापासून ऐकू येतोय कारण तू परवापासून ऐकतोयस. आतल्या छोट्या गिअरांमागे वायसर असतात, दोन गिअरांमागे तांब्याचे, दोघांमागे फायबरचे, ते झिजले की प्ले येतो. १९६७ नंतरच्या धुऱ्याला मागचं झाकण काढून, हाफ शाफ्ट बाहेर ओढून, पिन ठोकून ते जागच्या जागी बदलता येतात, क्राऊन-पिनियनला, म्हणजे आतल्या मुख्य गिअरांच्या जोडीला, हात लावायला लागत नाही. ज्यांच्या गाडीला तारांची चाकं आहेत त्यांनी आधी चाकाचे दाते बघा, तोच टक्क तिथूनही येतो. माझी साधी रोस्टाइल, म्हणजे पत्र्याची चाकं, त्यामुळे तो प्रश्न नव्हता.

सगळं ओंडक्याच्या नावावर टाकून जास्त बिल लावणं त्याला सहज जमलं असतं, मला काय कळणार होतं? त्याने कागदावर दोन रकाने केले, एकावर 'लाकूड', दुसऱ्यावर 'वय', आणि म्हणाला दुसऱ्या रकान्यातलं आज नाही केलं तरी चालेल. मी दोन्ही करायला सांगितलं.

शाफ्ट नवा बसवला, पोचा ठोकून सरळ केलेला पाइप परत बॅलन्स होतो असं सांगणारे भेटतील, त्याने ऐकून घेतलं नाही. क्रॉसमेंबर जुन्या गाडीतून काढलेली. ती बसवताना भोकं जुळता जुळत नाहीत, एमजीबीवाल्या कुणालाही विचारा, ही पट्टी बसवताना जगातल्या सगळ्या भाषांतल्या शिव्या वापरल्या गेल्यात, त्यात त्या दिवशी चार मराठी मी घातल्या कारण जॅक मीच धरला होता. गिअरबॉक्समध्ये इंजिनाचंच २०-डब्ल्यू-५० तेल, धुऱ्यात ९० नंबरचं. गिअरबॉक्समध्ये तू आधी काय ओतलं होतंस असं त्याने संशयाने विचारलं, कारण चुकीचं घसरट तेल गेलं की ओव्हरड्राइव्ह पकड सोडतो आणि मग लोक त्यालाही गिअरबॉक्स गेला म्हणतात.

बिल: नऊ तास मजुरी ५५ पौंडांनी, म्हणजे ४९५. सामान २७२, त्यात शाफ्टच १६५ चा, डिफरन्शियलचे वायसर फक्त १४ चे. एकूण ७६७ पौंड. चाचणी चक्कर आणि ओळंब्याचे पैसे त्या नऊ तासांतच.

आता तक्रारी, कारण नुसतं कौतुक केलं की लोक म्हणतात भाचा असणार. फोन उचलत नाही. मेसेजला उत्तर तीन दिवसांनी, तेही "हो" एवढंच, कशाला हो ते आपण ओळखायचं. दोन आठवडे म्हणाला आणि चार लावले, सगळा जून गाडीविना गेला, आणि इंग्लंडात छत उघडायचे दिवस किती असतात ते इथल्यांना माहीत आहे. शाफ्टला ग्रीसचा निपल असलेले क्रॉस पाहिजेत असं मी सांगितलं होतं, आले ते बंद प्रकारचे, आणि हे मला गाडी न्यायला गेल्यावर कळलं. त्याचं म्हणणं की निपलवाल्याला वर्षानुवर्षं कोणी ग्रीस मारतच नाही, तू पण मारणार नाहीस. खरं असेल, पण विचारायला हवं होतं. आणि बसायला जागा नाही, कुत्र्याच्या खुर्चीवर बसलात तर कुत्रा समोर बसून बघत राहतो.

पाचपैकी साडेचार देतो, अर्धा कापला तो फोनसाठी. झिणझिण पूर्ण गेली, सत्तरलासुद्धा दांडा गप्प. टक्क नव्वद टक्के गेला, उरलेला क्राऊन-पिनियनचा आहे आणि त्याला हात लावायचा नाही असा हुकूम आहे. गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवलाय, आठवड्यात एक थेंब, एमजीच्या मानाने हे कोरडंच. ५०० मैल झाले की शाफ्टचे आठही नट परत आवळून घ्यायला बोलावलंय, आत्ता ३२० झालेत.