एल्टन जॉनची दोन पिनबॉल मशीन्स: १९७६चं घ्यावं की २०२३चं?

बेसमेंटमध्ये पिनबॉलसाठी (उतरत्या पाटावर बॉल उडवत गुण मिळवायचं मशीन) एकच कोपरा मोकळा आहे आणि विषय संगीताचा हवा, असं ठरलं की गाडी हमखास ब्रिटिश गायक एल्टन जॉनपाशी येते. त्याच्या नावाची दोन मोठी मशीन्स आहेत आणि त्यांच्यात ४७ वर्षांचं अंतर आहे. पहिलं शिकागोच्या बॅली कंपनीचं ‘कॅप्टन फँटॅस्टिक’, १९७६चं. दुसरं जर्सी जॅक पिनबॉलचं ‘एल्टन जॉन’, २०२३चं. जुनं माझ्या घरी आहे आणि नवं मी बऱ्याचदा खेळलोय. मित्र विचारतात, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो, कारण ती माहीत नसली की घेतल्यावर हिरमोड होतो. जुन्या मशीनमध्ये गाणं वाजत नाही. एकही नाही. नाव एल्टन जॉनच्या १९७५च्या अल्बमचं आहे, समोरच्या उभ्या, चित्राच्या काचेवरचा त्याचा वेश त्याच वर्षीच्या ‘टॉमी’ चित्रपटातल्या पिनबॉल चॅम्पियनचा आहे, पण आवाज म्हणाल तर धातूच्या तीन पट्ट्या आणि त्यांच्यावर आपटणारे लहान दांडे, बस्स.

मला ते मशीन आवडतं ते याच पट्ट्यांमुळे. एक दहाची, एक शंभराची, एक हजाराची. गुण दाखवणारी चाकं एका वेळी एकच घर सरकू शकतात. त्यामुळे ५०० गुण मिळाले की आतली मोटर फिरते आणि शंभराची पट्टी सारख्या अंतराने पाच वेळा वाजते. मधेच शंभराचं चाक नऊवरून शून्यावर गेलं, तर हातचा एक पुढच्या चाकाला द्यावा लागतो, आणि नेमक्या त्या ठोक्याला हजाराची पट्टीही सोबत वाजते. शाळेतली हातच्याची बेरीज इथे कानांनी ऐकू येते. पाचांपैकी कितव्या ठोक्याला जोड लागणार, हे त्या क्षणी तुमचे गुण किती आहेत त्यावर ठरतं, म्हणून तोच फटका पुन्हा मारला तरी कानावर वेगळं काहीतरी पडतं. गाणं नसलेल्या मशीनला मी संगीताचं मशीन का म्हणतो, ते दहा मिनिटं खेळलात की कळेल.

नव्या मशीनमध्ये त्याची खरी रेकॉर्ड झालेली गाणी आहेत, उत्तम स्पीकरवर, आणि दिवे त्या तालावर चालतात. आराखडा स्टीव्ह रिचीचा. वेगवान, सरळ वाहणाऱ्या फटक्यांसाठी हा माणूस सत्तरच्या दशकापासून ओळखला जातो, आणि इथेही बॉल रॅम्पवरून (चढत्या वाटेवरून) फिरून फ्लिपरवर, म्हणजे बटण दाबून बॉल उडवायच्या दांडीवर, परत येतो तेव्हा हात आपोआप गाण्याच्या लयीत चालायला लागतात. एल्टन जॉनची गाणी ऐकत मोठे झालेल्या माणसाला हे मशीन सुखावून सोडेल. मात्र नियम खोल आहेत. कुठल्या गाण्यात कशाला जास्त गुण, दोन-तीन बॉल एकदम कसे सुरू करायचे, हे उमजायला काही आठवडे जातात. जुन्याचं सगळं प्लेफील्डवरच, म्हणजे बॉल फिरतो त्या पाटावरच, छापलेलं आहे. घरी पाहुणे आले की मी काहीच समजावत नाही. ज्यांनी लहानपणी खिळ्यांच्या पाटावर बगाटेल खेळलंय त्यांना तर सांगायची गरजच पडत नाही; पिनबॉलचा उगमही बगाटेलच. एक डाव चार-पाच मिनिटांत संपतो आणि पुढचा माणूस उभा राहतो.

आवाजाचा व्यवहारी भागही बघा. नव्याला आवाजाचं बटण आहे, हेडफोन लावायची सोय आहे. जुन्यात तसं काही नाही. पट्ट्या वाजतात तेवढ्या वाजतात आणि बक्षिसाचा डाव मिळाला की आतला हातोडा लाकडावर असा बसतो की वरच्या मजल्यावर झोपलेलं बाळ उठेल. अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर याचा विचार आधी करा.

दुरुस्तीला लोक जुन्यापेक्षा नव्याला कमी घाबरतात. माझा अनुभव वेगळा आहे. ‘कॅप्टन फँटॅस्टिक’मध्ये एकही चिप नाही. रिले (विजेने चालणारे स्विच), कॉइल (तारेच्या गुंडाळ्या), पितळी पात्यांचे स्विच आणि मोटर. बिघाड डोळ्यांना दिसतो: पातं वाकलेलं असतं, नाहीतर जुनं ग्रीस घट्ट होऊन डिंकासारखं चिकटलेलं असतं. मी घेतलं तेव्हा विकणाऱ्याने ‘सगळं चालू’ म्हणून सांगितलं होतं. घरी येऊन झाकण उघडलं तर जळलेल्या फ्यूजवर अॅल्युमिनियमचा कागद गुंडाळलेला! कॉइल पेटली असती तर घरच धोक्यात होतं. त्यामुळे फ्यूज आधी तपासा, प्रत्येक. या मॉडेलची १६,१५५ मशीन्स निघाली, त्यामुळे सुटे भाग आजही मिळतात. नव्यात बिघाड झाला तर बोर्ड बदलायचा किंवा कंपनीला कळवायचं, आणि सॉफ्टवेअर वेळोवेळी नवं करायचं. वेळ नसलेल्या माणसाला तेच सोयीचं.

जुन्याची चित्राची काच मात्र नीट बघून घ्या. डेव्ह क्रिस्टेन्सनने काढलेलं चित्र काचेच्या मागच्या बाजूला छापलेलं असतं आणि बल्बच्या उष्णतेने रंगाचे पापुद्रे सुटतात. गर्दीतल्या एकेका चेहऱ्यावर त्याने मेहनत घेतली आहे, बरेच चावट तपशीलही लपवले आहेत. रंग उडाला की तेही जातात. मागून टॉर्च मारा, कुठे उजेड आरपार येतो ते लगेच दिसतं. आणखी एक, याच नावाचं घरगुती मॉडेलही बॅलीने काढलं होतं. ते हलकं, स्वस्त आणि इलेक्ट्रॉनिक आहे. जाहिरातीत फक्त नाव वाचून फसू नका.

पैशांचं सरळ आहे. नवं दहा हजार डॉलरच्या वर जातं, जुनं चांगल्या अवस्थेतलंही त्याच्या बऱ्याच खाली मिळतं. आणि एल्टन जॉनचाच हट्ट नसेल तर १९७५चं ‘विझर्ड!’ जरूर बघा. त्याच ‘टॉमी’वरचं, त्याच चित्रकाराचं, काचेवर त्या चित्रपटातले रॉजर डॅल्ट्री आणि अॅन-मार्गरेट. ही १०,००५ निघाली. मला खेळायला ‘कॅप्टन’ आवडतं, पण हा आवडीचा भाग झाला.

पुढेमागे मशीन पुण्याला न्यायचा बेत असेल तर अमेरिकेतल्या जुन्या मशीनला व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागेल, आणि भारतातल्या ५० हर्ट्झच्या विजेवर (अमेरिकेत ६०) मोटर थोडी संथ फिरेल, म्हणजे ते पाच ठोकेही थोडे सावकाश पडतील. वजन अडीचशे पौंडांच्या आसपास. पाय आणि वरची पेटी सुटी होते, पण वायरींचे प्लग काढताना प्रत्येकावर खुणेची चिठ्ठी लावा.

माझं मत विचाराल तर, हाताने काम करायची आवड असेल तर १९७६चं, नसेल तर बिनधास्त २०२३चं. जुनं बघायला गेलात की प्लेफील्डवरची काच काढायला सांगा, बोटाने ५०० गुणांचा स्विच दाबा आणि डोळे मिटून मोजा. पाच ठोके, सारख्या अंतराने, आले पाहिजेत. चारच आले किंवा एखादा अडखळला, तर मोटरवरची पाती साफ करावी लागणार आहेत, आणि ती एका संध्याकाळी होतात.