बीएडची शिष्यवृत्ती ‘करून देतो’ म्हणणाऱ्यांना पैसे देण्याआधी हे वाचा

सीईटीत मार्क बेताचे, कॅपच्या (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या) पहिल्या फेऱ्यांत जवळचं कॉलेज लागलेलं नाही, घरी तगादा. फोन येतो तो नेमका याच आठवड्यात. “मॅडम, फेऱ्यांच्या नादी लागू नका. सीट पक्की करून देतो. आत्ता फी भरा, शिष्यवृत्ती आली की सगळे पैसे परत.” मराठवाड्यातल्या बीए झालेल्या एका मुलीच्या घरच्यांनी असे पैसे उसनवारीने भरले. प्रवर्ग ओबीसी, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला चोख, कागदपत्रांत काही खोट नाही. तरीही फी सवलत मिळाली नाही, कारण तिचा प्रवेश संस्थास्तरावरचा, म्हणजे कॅपबाहेर कॉलेजने स्वतः दिलेला होता.

शिष्यवृत्ती जात आणि उत्पन्न पाहून मिळते असं बहुतेकांना वाटतं. त्याआधी जागा कोणती हे बघितलं जातं. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती असो, की 2024-25 पासून ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना मिळणारी 100 टक्के शुल्कमाफी असो (उत्पन्न 8 लाखांपर्यंत), प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतूनच झालेला लागतो. व्यवस्थापन कोटा आणि संस्थास्तरावरचे प्रवेश शासन निर्णयातच वगळलेले आहेत. एजंटाला हे पक्कं ठाऊक असतं. तो जी सीट विकतो ती याच वगळलेल्या जागांपैकी असते, आणि तिच्या जोडीला जी शिष्यवृत्ती देऊ करतो ती त्या जागेवर मिळूच शकत नाही.

पुढचा खेळ महाडीबीटीच्या, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवरच्या अर्जात होतो. चालू अभ्यासक्रमाच्या पानावर प्रवेशाचा प्रकार विचारतात. तिथे एजंट बिनदिक्कत ‘कॅपद्वारे’ टाकतो. अर्ज सबमिट होतो, अर्जाचा क्रमांक मिळतो, त्याचा स्क्रीनशॉट पालकांना पाठवला जातो आणि घरी सगळे निर्धास्त होतात. पण सबमिट झाला म्हणजे मंजूर झाला असं नाही. अर्ज आधी कॉलेजच्या लिपिकाकडे, मग प्राचार्यांकडे आणि त्यानंतर विभागाच्या कार्यालयात तपासला जातो. कागद जुळले नाहीत की तो परत येतो. परत आल्याचा निरोप जातो एजंटाच्या मोबाइलवर, कारण नोंदणी करताना नंबर त्याचाच दिलेला असतो. दुरुस्तीची मुदत उलटते आणि विद्यार्थिनीला पत्ताही लागत नाही. शिवाय खोटी माहिती तिच्या नावावर गेलेली असते, त्याची झळ तिलाच बसते.

म्हणून पैशांचा विषय निघाला की आधी अ‍ॅलॉटमेंट लेटर मागा, तेही सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर स्वतःच्या लॉगिनमधून काढलेलं. कॉलेजच्या लेटरहेडवरचं ‘प्रवेश निश्चिती पत्र’ त्याची जागा घेऊ शकत नाही. पावतीही नीट वाचा. त्या मुलीच्या पावतीवर ‘शिक्षण शुल्क’ हे शब्दच नव्हते. ‘विकास निधी’ आणि ‘देणगी’ अशा दोन ओळी होत्या, खाली शिक्का होता, सही नव्हती. विनाअनुदानित कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती त्यांच्या संकेतस्थळावर कॉलेजच्या नावाने पाहता येते. त्यापेक्षा जास्त मागितलं तर ते कॅपिटेशन शुल्क, आणि त्याला 1987 च्या कायद्याने बंदी आहे.

दुसरा प्रकार याहून वाईट, कारण त्यात पात्र मुलांचे मंजूर झालेले पैसे जातात. ‘केवायसी करायचंय’ म्हणून अंगठा आणि ओटीपी घेतात, नवीन खातं उघडतात आणि आधार त्याला जोडून टाकतात. थेट लाभाची रक्कम जाते ती आधार सर्वांत शेवटी ज्या खात्याशी जोडलं त्या खात्यात. पासबुक घरात, आणि पैसे भलत्याच बँकेत. मायआधार संकेतस्थळावर बँक सीडिंगची, म्हणजे आधार कोणत्या बँकेशी जोडलंय त्याची स्थिती दिसते. अर्ज भरण्याआधी एकदा आणि मंजुरीनंतर एकदा ती पाहा. अंगठ्याचा गैरवापर टाळायला तिथेच बायोमेट्रिक लॉक करता येतं. सही केलेले कोरे चेक किंवा एटीएम कार्ड कुणाकडेच ठेवायला देऊ नका, ‘कॉलेजचा नियम आहे’ असं सांगितलं तरी. महाडीबीटीवर अर्जाला शुल्क नाही. सेतू केंद्रावर भरून घेतला तर त्यांची मजुरी तेवढी द्या, पण पासवर्ड स्वतः टाका.

‘हजेरी लागत नाही’ असं सांगून विकलं जाणारं बीएड तर बघूच नका. एनसीटीईच्या (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या) 2014 च्या नियमांत बीएड दोन वर्षांचं आहे, वर्गकामाला 80 टक्के आणि शाळेतल्या इंटर्नशिपला 90 टक्के हजेरी लागते. दूरस्थ बीएड आधीच शिक्षक-प्रशिक्षण घेतलेल्यांसाठी असतं, नुकत्याच पदवी घेतलेल्यांसाठी नाही.

पैसे गेलेच असतील तर गप्प बसू नका. पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा; जितका उशीर, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता कमी. चॅट, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, पावती जपून ठेवा आणि लेखी तक्रारीला जोडा. महाडीबीटीवर खोटी माहिती भरली गेली असेल तर प्राचार्यांना आणि विभागाच्या जिल्हा किंवा विभागीय कार्यालयाला तसं लेखी कळवा आणि पोच घ्या. मूळ गुणपत्रकं अडवून धरली असतील तर यूजीसीची 2018 ची अधिसूचना दाखवा, कॉलेजला मूळ कागद ठेवून घेता येत नाहीत. आणि ज्यांना पहिल्या वर्षी शिष्यवृत्ती रीतसर मिळाली आहे त्यांनी दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज स्वतः भरावा. तो आपोआप होत नाही, आणि तोवर एजंटाचा फोन बहुधा लागत नाही.