ओल्या कचऱ्याच्या कंपोस्टेबल पिशव्या: दोन कंपन्यांचा अनुभव

पहिल्या कंपनीच्या पिशवीत कलिंगडाच्या साली भरल्या की शिवण शाबूत राहायची आणि पिशवी मधेच उभी फाटायची. जिन्यात दोनदा घाण पाणी सांडलं, दोन्ही वेळा मीच पुसलं.

मी २२ वर्षं प्लॅस्टिकची पातळ फिल्म काढणाऱ्या मशीनवर काम केलंय. फाटलेली कड पाहिली आणि खोट कळली. या पिशव्यांत पीएलए आणि पीबीएटी ही दोन कुजणारी प्लॅस्टिकं एकत्र असतात. पीएलए ताठ पण ठिसूळ, १० टक्केही न ताणता तुटतं. पीबीएटी मूळ लांबीच्या कित्येक पट ताणलं जातं. पण दोघांचं आपसात जमत नाही. नुसतं एकत्र वितळवलं तर पीएलएचे थेंब वेगळेच राहतात, फिल्म ओढताना लांबट होतात आणि त्यांच्या कडेनं सरळ फाट जाते. इपॉक्सी गट असलेलं जोडणारं रसायन अगदी थोडं घातलं, तरी ते दोन्हींच्या रेणूंच्या लांब साखळ्यांची टोकं बांधतं. मग थेंब बारीक होतात आणि पीबीएटीला धरून राहतात.

दुसऱ्या कंपनीनं हे काम मनापासून केलेलं दिसतं. पिशवी आडवी ताणली, पांढरी पडली नाही, म्हणजे आत थेंब सुटले नाहीत. नारळाच्या करवंट्या घालून तीन मजले उतरलो, टोकही घुसलं नाही. रोलमागे ४० रुपये जास्त पडतात, मी आनंदानं देतो.

साठा मात्र करू नका. दमट हवेत या पिशव्या काही महिन्यांत कमकुवत होतात. घेताना आयएस १७०८८ (कंपोस्टेबल प्लॅस्टिकचं भारतीय मानक) आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा प्रमाणपत्र क्रमांक छापलाय का, तेवढं बघा.