ऑफलाइन नकाशा: शहरात आणि खेड्यात वापरून पाहिल्यावर

प्रवासाला निघण्यापूर्वी फोनमध्ये त्या भागाचा ऑफलाइन नकाशा उतरवून घ्यायची सवय मला काही वर्षांपूर्वी लागली. त्यानंतर मोठे शहर पाहायचे असो, वा जिथे डांबरी रस्ता संपल्यावर पायीच जावे लागते अशी वस्ती, मी तेच अ‍ॅप वापरत आले आहे. त्याचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे जे लिहिले आहे ते या जातीच्या जवळजवळ सगळ्याच अ‍ॅप्सना लागू पडते. अशा अ‍ॅपची पारख बहुधा घरी बसून, वायफायच्या भरवशावर, कोणते बटण कुठे आहे हे पाहून केली जाते. पर्यटकाच्या हातात ते उन्हात, घाईत आणि नेटवर्क नसताना येते. माझा अनुभव असा, की शहरात या नकाशाला आजूबाजूचे सगळे ठाऊक असते, पण आपण नेमके कुठे उभे आहोत हे त्याला धड कळत नाही. खेड्यात मात्र आपली जागा तो बिनचूक दाखवतो आणि भोवती काय आहे याबद्दल गप्प राहतो.

हे असे उलटसुलट का होते, ते समजून घेतले तर निम्मा मनस्ताप वाचतो. फोनला आपली जागा कळते ती इंटरनेटवरून नव्हे, तर सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या जीपीएस उपग्रहांकडून आणि त्यांच्यासारख्या इतर यंत्रणांकडून. त्यासाठी किमान चार उपग्रहांचे संदेश पोहोचावे लागतात. मोकळ्या आकाशाखाली साधा फोनही साधारण पाच मीटरपर्यंतची अचूकता गाठतो. उंच इमारतींच्या मधल्या रस्त्यावर मात्र संदेश भिंतींवर आपटून उशिरा येतात आणि आपला निळा ठिपका शेजारच्या गल्लीत जाऊन बसतो. एका जुन्या शहराच्या अरुंद भागात मी वीस मिनिटे एकाच चौकाभोवती फिरले, कारण पाटी वाचण्याऐवजी त्या ठिपक्यावर विश्वास ठेवला. दोन फ्रीक्वेन्सींवर संदेश घेणारे फोन २०१८ पासून बाजारात आहेत आणि त्यांच्यात हा दोष बराच कमी झाला आहे. तरीही शहरात ठिपका सल्ल्यापुरता मानावा आणि चौकाचे नाव डोळ्यांनी पडताळावे, हे बरे.

ठिपक्याचा हा दोष सोडला, तर शहरात या अ‍ॅपने मला अक्षरशः सांभाळले. भुयारी स्थानकाच्या कोणत्या क्रमांकाच्या दारातून वर यायचे, पिण्याच्या पाण्याचा नळ आणि स्वच्छतागृह कुठे आहे, पुढच्या वाटेवर पायऱ्या आहेत की उतार, हे सगळे नेटवर्क नसतानाही समोर असते. चाकाच्या खुर्चीवरून किंवा बाळगाडी घेऊन फिरणाऱ्याला त्या पायऱ्यांच्या खुणेचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही. संग्रहालये आणि दुकाने यांच्या वेळांवर मात्र विसंबू नये. त्या कोणीतरी कधीतरी नोंदवलेल्या असतात आणि बदलल्यावर दुरुस्त होतीलच असे नाही.

‘कोणीतरी नोंदवलेल्या’ या शब्दांतच खेड्यातल्या अडचणीचे मूळ आहे. या प्रकारच्या बहुतेक अ‍ॅप्सना माहिती मिळते ती ‘ओपनस्ट्रीटमॅप’ या खुल्या प्रकल्पातून. स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू केलेला हा प्रकल्प स्वयंसेवकांच्या श्रमांवर उभा आहे. जिथे स्वयंसेवक राहतात किंवा वारंवार जातात तिथे नकाशा बाकांच्या आणि झाडांच्या नोंदींपर्यंत दाट होतो. जिथे कोणी जात नाही तिथे एक मुख्य रस्ता, दोन-चार रेषा आणि बाकी कोरी जागा. त्या रेषाही पुष्कळदा दूर कुठेतरी बसलेल्या माणसाने उपग्रहचित्र पाहून काढलेल्या असतात. त्यामुळे वाट दिसते, पण तिचे नाव, तिच्यावरचा चिखल आणि मध्ये कुंपण आहे की नाही, हे दिसत नाही. आकाशातून फाटक बंद आहे की उघडे, ते कळणार तरी कसे!

असेच एक फाटक मला भेटले. डोंगराच्या पायथ्याच्या वस्तीपासून वरच्या वस्तीपर्यंत सहा किलोमीटरची पायवाट नकाशात तुटक रेषेने दाखवली होती आणि चालायला सव्वा तास लागेल असे अ‍ॅप सांगत होते. सुमारे सहाशे मीटरची चढाई त्याने जमेसच धरली नव्हती. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला आडाखा आजही उपयोगी पडतो: दर तीन मैलांना एक तास आणि दर दोन हजार फूट चढाईला आणखी एक तास. तो लावला असता तर सव्वादोन तास हे उत्तर मला घरीच मिळाले असते, त्यामुळे या चुकीतला निम्मा वाटा माझा आहे. दोन-तृतीयांश वाट चढून गेल्यावर ती कुलूपबंद फाटकापाशी संपली. वळसा कुठून घ्यायचा हे नकाशाने नाही, तर गुरे हाकणाऱ्या एका आजोबांनी सांगितले, तेही हातातल्या काठीने दिशा दाखवून.

ग्रामीण भागात आणखी दोन गोष्टी जपाव्या लागतात. नेटवर्क असले, की उपग्रहांच्या कक्षांची माहिती फोनला आयती मिळते. ते नसताना प्रत्येक उपग्रहाकडून ती ऐकण्यात अर्धा-पाऊण मिनिट जाते आणि मधेच अडथळा आला तर पुन्हा सुरुवात. म्हणून पहिली जागा धावत्या गाडीत शोधू नये, मोकळ्यावर स्थिर उभे राहून शोधावी. दुसरी गोष्ट बॅटरीची. क्षीण नेटवर्क धरून ठेवण्याच्या धडपडीत फोन भराभर रिकामा होतो. विमान मोड लावला तर ती धडपड थांबते आणि आजच्या बहुतेक फोनमध्ये जीपीएस तरीही चालू राहते. हे मला ठाऊक नव्हते तोवर मी दुपारी तीनलाच काळा पडदा घेऊन बसत असे.

केवळ शहर पाहणाऱ्याने हे अ‍ॅप निःशंक घ्यावे. खेड्यांत जाणाऱ्याने ते दिशा आणि अंतर यांच्यापुरते घ्यावे, आणि नकाशा घरूनच उतरवून, तो विमान मोडमध्ये उघडतो की नाही हे एकदा तपासून निघावे. नकाशा शक्य तितका मोठा करून पाहिल्यावरही वस्तीत काहीच दिसत नसेल, तर वाट विचारण्यासाठी वेळ हाताशी ठेवावा.

परत आल्यावर मी त्या फाटकाची आणि आजोबांनी दाखवलेल्या वळशाची नोंद प्रकल्पाच्या संकेतस्थळावर केली. खाते उघडण्यापासून शेवटपर्यंत दहा मिनिटेही लागली नाहीत. पुढच्या महिन्यात नकाशा नव्याने उतरवला, तेव्हा तुटक रेषेवर फाटकाची बारीक खूण आली होती आणि तिच्या डावीकडून एक नवी वाट वर गेली होती.